रोज सकाळी सव्वानऊला एआय कालचाच भाव का सांगतो?

तक्रार अशी असते. काल संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत. आज बाजार उघडल्यावर एआय असिस्टंटला विचारलं, "रिलायन्स कितीला आहे?" त्याने लगेच आकडा सांगितला, तोही पैशापर्यंत. शेजारच्या टर्मिनलवर, म्हणजे ब्रोकरच्या भाव दाखवणाऱ्या स्क्रीनवर, मात्र भाव वेगळाच. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला की ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लातूरला गंजगोलाईजवळच्या एका गल्लीत एका सब-ब्रोकर काकांचं ऑफिस आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्याकडे मी एआय असिस्टंटला शेअरचे चालू भाव जोडून दिले आणि पुढचे दोन महिने रोज सकाळी त्यांचा फोन घेतला. "अरे, तुझं ते पोरगं खोटं बोलूलालंय. बरं, खोटं बोलताना अडखळत बी नाही बघ." नंतर नांदेड, परभणी, धाराशिवहून ओळखीतल्या चौघा-पाचांनी हेच विचारलं. प्रत्येकाचा ब्रोकर निराळा, असिस्टंट निराळा, दुखणं तेच. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

काकांचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं, पण निदान त्यातच होतं. भावाची जोडणी अधूनमधून तुटणारच. ती तुटल्यावर "भाव मिळाला नाही" असं म्हणायला आपण असिस्टंटला जागाच ठेवलेली नसते. मग हाताशी असेल तो आकडा देऊन तो मोकळा होतो.

आधी आकड्याचा चेहरा बघा

मॉडेलच्या, म्हणजे असिस्टंटमागच्या एआयच्या, पोटात आजचा भाव नसतो. एक्सचेंजचा भाव ब्रोकरकडे येतो, ब्रोकरच्या एपीआयमधून (प्रोग्रामला माहिती देणारी खिडकी) आपल्या छोट्या प्रोग्रामकडे, आणि हा प्रोग्राम असिस्टंटला टूल, म्हणजे लागेल तेव्हा वापरायचं अवजार, म्हणून दिलेला असतो. ह्या शेवटच्या सांध्यासाठी अँथ्रॉपिक ह्या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला. पुढच्या वर्षी झिरोधा ह्या ब्रोकरने आपल्या काइट ह्या ट्रेडिंग प्लॅटफॉर्मसाठी एमसीपी सर्व्हर दिला आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ह्याचा नाद लागला. नाद चांगला आहे. फक्त ह्या साखळीत चार-पाच कड्या आहेत, आणि चुकीचा आकडा प्रत्येक कडीतून वेगळ्या तोंडवळ्याचा येतो.

म्हणून कोड उघडायच्या आधी चुकीचा आकडा कागदावर लिहा आणि त्याची ओळखपरेड करा. तो कालच्या शेवटच्या भावाशी पैशासकट जुळतोय? मग ब्रोकरचं सत्र संपलंय आणि कुठूनतरी साठवलेला भाव येतोय. तासाभरापूर्वी ह्याच गप्पांमध्ये सांगितलेल्या भावाशी जुळतोय? मग टूलला हाकच मारलेली नाही. आजच्या भावाच्या दुपटीच्या आसपास आहे? मग मॉडेल शिकताना वाचलेला जुना भाव आठवून सांगतंय आणि मधे बोनस होऊन गेलाय. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस दिला (एका शेअरमागे एक फुकट, म्हणून भाव निम्म्यावर), ह्या दोन नावांवर हा घोळ हमखास सापडतो. आणि आकडा हसू येण्याइतका लहान असेल तर तो बहुधा रुपयांत नाहीच.

दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही म्हणून माझे दोन आठवडे गेले.

सकाळचं दुखणं

सगळ्यात जास्त सापडतं ते हे. ब्रोकरचं लॉगिन झालं की एपीआयसाठी एक टोकन, म्हणजे प्रवेशाची तात्पुरती किल्ली, मिळतं आणि बहुतेक ब्रोकरांकडे ते एका दिवसापुरतंच असतं. झिरोधाच्या काइट कनेक्ट ह्या एपीआयमध्ये ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला संपतं. काल साडेतीनला जे चाललं ते आज सव्वानऊला चालत नाही ह्यात नवल काहीच नाही. ब्रोकरकडून ४०१ किंवा ४०३ असा नकार येतो. नवल आहे ते पुढे काय होतं ह्यात.

आता माझी चूक सांगतो. मी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं की ब्रोकरने उत्तर दिलं नाही तर शेवटचा साठवलेला भाव द्यावा. लिहिताना तो मोठा शहाणपणा वाटला होता. नेट एखाद सेकंद गेलं तर काकांना कळूसुद्धा नये, असा विचार. प्रत्यक्षात काय झालं, तर सकाळी टोकन मेलेलं, ब्रोकर नकार देतोय, आणि माझा प्रोग्राम काल दुपारी ३:३० चा भाव अदबीने पुढे करतोय. असिस्टंटला त्यात संशय घ्यायला काहीच नव्हतं. टूलने आकडा दिला, त्याने वाचून दाखवला.

हे लक्षात आल्यावर मी साठवलेला भाव काढून टाकला आणि चूक झाली तर रिकामं उत्तर जाईल असं केलं. ते आणखी वाईट निघालं. दुसऱ्या दिवशी टीसीएसचा असा भाव आला की तो ना आजचा, ना कालचा. शोधल्यावर कळलं, कित्येक महिन्यांपूर्वी कधीतरी तो भाव होता. कोरी पाटी पुढे आली की मॉडेल तिच्यावर काहीतरी लिहितंच.

शेवटी उपाय साधा निघाला. चूक झाली की टूलने आकड्याच्या जागी पूर्ण वाक्य द्यायचं. माझ्याकडे ते असं आहे: "भाव मिळाला नाही. कारण: ब्रोकरचं सत्र संपलं आहे, आजचं लॉगिन व्हायचं आहे. आठवणीतला किंवा अंदाजाचा आकडा सांगू नये." हे वाक्य असिस्टंट वाचतो आणि काकांना सांगतो की लॉगिन करा. काका करतात. मला फोन येत नाही.

आणि आकडा मिळाला तर तो एकटा पाठवायचा नाही. भाव, त्याची वेळ, एक्सचेंज आणि एकक, चारही एकत्र. वेळ म्हणजे भाव कधीचा आहे ती. आपण विचारलं कधी ती नव्हे. मी सुरुवातीला नेमकी ही दुसरी वेळ लावली होती. त्यामुळे कालच्या भावावर आजची ताजी वेळ चिकटून येत होती, म्हणजे शिळ्या भाकरीवर गरम तूप.

"मग लॉगिनच आपोआप होऊ दे की," असं प्रत्येक जण म्हणतो. पासवर्ड आणि टीओटीपीची (लॉगिनला लागणारा, सतत बदलणारा आकडा) गुप्त किल्ली प्रोग्राममध्ये ठेवली तर होतं. मी करून देत नाही. ऑफिसच्या त्याच कॉम्प्युटरवर दुपारी पोरं फॉर्म भरतात, पेन ड्राइव्ह लावतात, कोण काय उतरवून ठेवतं देव जाणे. काका सकाळी शटर वर करतात, उदबत्ती लावतात, मग लॉगिन करतात. क्रम ठरून गेलाय, मिनिटभर लागतं.

जोडणी जिवंत दिसते आणि असते मेलेली

हे दुखणं दुपारचं. सकाळी सगळं व्यवस्थित, आणि पाऊणच्या सुमाराला भाव गोठतो. चूक म्हणून काही येत नाही. प्रोग्राम म्हणतो जोडणी चालू आहे. सगळ्या स्क्रिपचे, म्हणजे शेअर्सचे, भाव जिथल्या तिथे.

सतत हलणारे भाव वेबसॉकेटवरून येतात. आपण एकदा जोडणी उघडतो आणि मग ब्रोकर आपणहून भाव ढकलत राहतो. दोन्ही टोकांपैकी एकाने रीतसर निरोप घेतला तर दुसऱ्याला कळतं. मधली तार तुटली तर निरोप घ्यायला कोणी नसतं. आपलं टोक आपलं वाट बघत बसतं, आणि प्रोग्रामच्या हातात शेवटचा आलेला भाव तसाच राहतो.

मी तीन दिवस कोडमध्ये डोकं घालून बसलो. चौथ्या दिवशी काकांकडेच मुक्काम ठोकला तेव्हा उलगडा झाला. लाईट गेली. इन्व्हर्टर लागला, पंखा फिरत राहिला, कॉम्प्युटर चालू राहिला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण राउटर होता आतल्या खोलीत, आणि तिथला प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच. दोन मिनिटांत लाईट आली, राउटर पुन्हा उठला, ब्राउझर उघडतोय, व्हॉट्सअॅप येतंय. फक्त ती एक जोडणी मेलेली. इलेक्ट्रिशियनला बोलावून एक वायर ओढून घेतली. त्याची वीस मिनिटं माझ्या तीन दिवसांना भारी पडली. तेव्हा आपल्या भागात कोणी दुपारच्या गोठलेल्या भावाची तक्रार केली तर मी पहिला प्रश्न राउटरचा प्लग कुठे आहे हाच विचारतो. लोकांना वाटतं मी टाळतोय.

वायरने अर्धं काम होतं. बाकीचं अर्धं म्हणजे प्रोग्रामने आपली नाडी आपणच तपासायची. इथेही मी एकदा फसलो. नियम केला: शेवटचा सौदा दहा सेकंदांपेक्षा जुना असेल तर भाव शिळा. रिलायन्सला ठीक. पण काकांच्या गिऱ्हाइकांकडे असल्या काही बारक्या स्क्रिप आहेत की त्यांत पंधरा-पंधरा मिनिटं सौदाच होत नाही. ११:०२ ला झालेला सौदा ११:१५ लाही शेवटचाच असतो, आणि तो भाव खरा असतो. दिवसभर "शिळा, शिळा" असा जप सुरू झाला आणि काकांनी त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलं.

आता मी नाडी बघतो ती निफ्टी ५० ची. बाजार चालू असताना निर्देशांकाचा आकडा एकसारखा येत राहतो. तो दहा सेकंद आला नाही तर नळच बंद आहे, मग स्क्रिप कुठलीही असो. काइटच्या फीडमध्ये तर सौदे नसले तरी दर काही सेकंदांनी एका बाइटचा 'मी आहे' असा इशारा येतो, तोही धरता येईल. नाडी थांबली की जोडणी तोडून नव्याने उघडायची, आणि उघडल्यावर स्क्रिपची यादी पुन्हा पाठवायची. हे पुन्हा पाठवणं काही लायब्ररी स्वतः करतात, काही करत नाहीत. जोडणी नवी आणि भाव मात्र एकही येत नाही, असं दिसलं तर कारण तेच.

इन्फोसिस सतरा रुपये

एका दुपारी फोनवर काकांचा आवाज चढलेला. "इन्फोसिस सतरा रुपये म्हणतंय! घे, घरातली भांडीकुंडी विकून घे!"

ब्रोकरची जोडणी बंद असेल तेव्हा उपयोगी पडावा म्हणून मी एक फुकटचा स्रोत जोडून ठेवला होता. इन्फोसिसचं चिन्ह, म्हणजे बाजारातलं लघुनाव, मुंबईत आणि न्यू यॉर्कमध्ये एकच आहे, आणि न्यू यॉर्कला तिची एडीआर (अमेरिकेत चालणारी तिच्या शेअरची पावती) डॉलरमध्ये चालते. याहू फायनान्सवर एनएसईचा भाव हवा तर चिन्हाच्या पुढे टिंब एनएस लावावं लागतं, बीएसईचा हवा तर टिंब बीओ. मॉडेलने नुसतं चिन्ह दिलं, अमेरिकेचा भाव आला, आणि आपल्या माणसाशी मराठीत बोलतोय म्हणून त्याने पुढे 'रुपये' जोडून टाकलं. टीसीएसची गंमत तर त्याहून मोठी. त्याच तीन अक्षरांनी न्यू यॉर्कच्या बाजारात कितीतरी वर्षं डबे आणि फडताळं विकणारी द कंटेनर स्टोअर ही कंपनी होती.

फुकटच्या स्रोतांत आणखी एक खोच असते. त्यातले बरेच भाव मुद्दाम उशिराने दिलेले असतात, सहसा पंधरा मिनिटांनी. ते 'लाइव्ह' म्हणून धरले तर आकडा रोज थोडा थोडा चुकतो, आणि थोडी चूक शोधणं सगळ्यात अवघड. तो स्रोत मी शेवटी काढूनच टाकला. भाव नाही म्हटलेलं परवडलं.

महिंद्राचा किस्सा बारीक आहे. एम अँड एमच्या चिन्हात मधे 'अँड'ची खूण (&) असते, आणि वेबच्या पत्त्यात तीच खूण एक माहिती संपून दुसरी सुरू झाली हे दाखवायला वापरतात. ती खूण सांकेतिक रूपात बदलून, म्हणजे एन्कोड करून, पाठवली नाही तर पलीकडे पोचतो नुसता 'एम'. मग एकतर चूक येते किंवा भलत्याच कंपनीचा भाव. जे अँड के बँकेचंही तसंच. बाकी सगळं चालतंय आणि ही दोनच नावं रुसलीत असं दिसलं तर दुसरीकडे बघूच नका.

नावंही बदलतात. झोमॅटोचं चिन्ह एप्रिल २०२५ मध्ये इटर्नल झालं. टाटा मोटर्सच्या ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वाटण्या झाल्या, प्रवासी गाड्या एकीकडे आणि ट्रक-बस दुसरीकडे. मॉडेलला आठवतात ती जुनी नावं. म्हणून चिन्ह मॉडेलने स्वतःच्या मनाने बनवायचंच नाही. ब्रोकर रोज सकाळी सगळ्या स्क्रिपची यादी देतो, ती उतरवून घ्यायची आणि नाव शोधायचं एक वेगळं टूल द्यायचं. दोन सापडले तर विचारायचं, "टाटा मोटर्स म्हणजे प्रवासी गाड्यांची की ट्रकची?" यादी रोजच्या रोज ताजी लागते. फ्युचर-ऑप्शनच्या करारांचे टोकन क्रमांक (हे लॉगिनचं टोकन नव्हे, कराराची ओळख) मुदत संपल्यावर एक्सचेंज दुसऱ्याच करारांना देऊ शकतं. मागच्या महिन्याची यादी वापरलीत तर क्रमांक बरोबर आणि माल भलताच.

आणि सोयाबीन

लातूरमध्ये बसून लोकांना सोयाबीनचं विचारू नका असं सांगता येत नाही. काकांकडे येणारे निम्मे शेअरवाले, निम्मे आडतवाले. गेल्या दिवाळीच्या आसपास, राशी होऊन माल बाजारात यायला लागला होता तेव्हा, एका आडतदाराने सहज विचारलं, "सोयाबीनचा वायदा काय म्हणतोय?" असिस्टंटने हजार रुपयांच्या जरा वरचा आकडा सांगितला. खोलीत कोणी बोलेना. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल होता. बाजार त्याच्या खाली होता हे सगळ्यांना माहीत होतं आणि सलतही होतं, पण हजार?

त्याचं झालं असं. बाजाराची नियामक असलेल्या सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि मुदतवाढ मिळत मिळत ती बंदी तेव्हाही चालूच होती. म्हणजे एनसीडीईएक्सवर, आपल्या शेतमालाच्या वायदे बाजारावर, विचारलेला भाव अस्तित्वातच नव्हता. मग जो मिळाला तो शिकागोचा. तिथे सोयाबीन बुशेलला सेंटमध्ये बोलतात, आणि सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, साधारण २७.२ किलो. आकडा खरा होता, पीक खरं होतं. चलन आणि माप दोन्ही परमुलखातलं.

शेअरच्या भावाला जोडलेलं एकक लोक अनावश्यक समजतात, ते मी ह्याच दिवसानंतर सक्तीचं केलं. बाजार समितीच्या भावासाठी आता निराळं टूल आहे. सरकारच्या अॅगमार्कनेट ह्या साइटवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव क्विंटलमागे मिळतात, पण ते दिवसाचे असतात, सेकंदाचे नव्हेत. म्हणून टूलचं नावच 'बाजार समितीचा दिवसाचा भाव' असं ठेवलंय. टूलचं नाव आणि वर्णन मॉडेल वाचतं आणि त्यावरून ठरवतं, ही गोष्ट बरेच जण विसरतात. 'डेटा आणा' असं नाव ठेवलं तर तो कशालाही वापरेल. वसमतच्या एका मित्राने हळदीचा वायदा जोडून मागितला. तो एनसीडीईएक्सवर चालतो, पण त्याचा भाव निजामाबाद धरून असतो, हे वाक्यही उत्तरात येईल अशी सोय करून मगच दिला.

घड्याळ, सुट्ट्या आणि काकांची वही

भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपले ९:२० म्हणजे त्याचे ३:५०. असिस्टंट शांतपणे सांगतो की बाजार अजून उघडायचाय. ही चूक लगेच दिसते म्हणून बरी. दुसरी लपलेली असते: दिवसाच्या कॅण्डलवर (दिवसभराच्या भावांची एक नोंद) आपल्या मध्यरात्रीची वेळ असते, आणि ती यूटीसीत गेली की आदल्या दिवशीचे १८:३० होतात. भाव आजचाच, तारीख कालची. काही जणांचं 'कालचा भाव सांगतो' हे दुखणं फक्त एवढंच निघालं. वेळेचा पट्टा आशिया/कोलकाता असा स्पष्ट लिहा आणि टूलच्या प्रत्येक उत्तरात आजची तारीख-वार पाठवा, कारण मॉडेलला आपण सांगितल्याशिवाय आज कोणता दिवस हे कळत नाही.

सुट्ट्यांचं तर विचारूच नका. १७ सप्टेंबरला सकाळी काका झेंडावंदनाहून आले आणि असिस्टंटने सांगितलं, आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, बाजार बंद. काका खूश झाले, त्याला आपला इतिहास माहीत आहे म्हणून. मग त्यांनी टर्मिनल बघितलं. मुंबईचा बाजार त्या दिवशी नेहमीसारखा चालतो. उलट २१ ऑक्टोबर २०२५ ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, मुहूर्ताचे सौदे दुपारी १:४५ ते २:४५ होते, आणि माझ्या प्रोग्रामच्या लेखी तो दिवस सुट्टीचा. १ फेब्रुवारी २०२६ ला रविवार होता, तरी अर्थसंकल्प म्हणून बाजार चालू. वार बघून नियम करू नका, एक्सचेंजची यादी घ्या आणि खास सत्रं हाताने घाला. नऊ ते सव्वानऊ प्री-ओपन, म्हणजे नेहमीचे सौदे सुरू होण्याआधीचं सत्र, असतं, तेवढ्यात विचारलं तर 'बाजार अजून खुला व्हायचाय' हेच उत्तर ठेवा.

एक फरक मात्र चूक नाही, त्याच्या मागे लागू नका. संध्याकाळी बंद भाव आणि शेवटच्या सौद्याचा भाव जुळत नाहीत. मी हे जुळवत बसलो तेव्हा एनएसईवर बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी होती. दोन-चार रुपयांचा फरक राहणारच.

आता वही. काका असिस्टंटशी तीन महिने एकाच गप्पांमध्ये बोलत होते. त्यांच्या मते ती त्यांची चोपडी. पाडव्याशिवाय बदलायची नाही. पण त्या चोपडीत रिलायन्सचे पन्नास भाव लिहिलेले. प्रश्न आला की मॉडेलला वरचाच एखादा भाव दिसतो आणि टूलला हाक मारायचं राहून जातं. टूलच्या वर्णनात मी लिहिलं: "भावाचा प्रत्येक प्रश्न आला की हे टूल नव्याने वापरावे. आधीच्या बोलण्यातला भाव पुन्हा सांगू नये. उत्तरात भावाची वेळ सांगावी." बराच फरक पडला, पण गप्पा फार लांबल्या की पुन्हा घसरतं. रोज सकाळी नव्या गप्पा हाच खरा इलाज. काकांशी तह असा झाला की ते जे "लिहून ठेव" म्हणतात ते एका फायलीत जातं आणि नव्या गप्पांना ती फाइल वाचायला मिळते. तरी अधूनमधून म्हणतात, "कालचं सगळं इसरलं बग हे."

पन्नास स्क्रिपचा भाव एकदम मागितल्यावर अर्धेच येत असतील आणि ४२९ ('मागण्या फार झाल्या' असा नकार) दिसत असेल, तर असिस्टंट एकेक करून मागतोय. काइटमध्ये कोटची मागणी सेकंदाला एकच करता येते, पण एका मागणीत ५०० पर्यंत स्क्रिप चालतात. टूलला यादी घेऊ द्या, विषय संपला.

असिस्टंटला ऑर्डर टाकायचा अधिकार मी देत नाही, नुसतं वाचायचा देतो. काकांना तो गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्येही हवा होता, भाव सांगायला आणि "घ्यावं का" विचारायला. आपल्या खात्याच्या एपीआयमधून आलेले भाव असे वाटायचे नसतात, आणि सल्ला द्यायला सेबीची नोंदणी लागते. आठवडाभर रुसले होते.

जोडणी तयार झाली असं वाटलं की मी एकच चाचणी घेतो. बाजार चालू असताना, अकराच्या सुमाराला, राउटरचा प्लग काढायचा. एक मिनिट थांबायचं. प्लग लावायचा, नेट येऊ द्यायचं आणि असिस्टंटला सोडून दुसऱ्या कशालाही हात न लावता भाव विचारायचा. मग टोकन मुद्दाम चुकीचं टाकून तोच प्रश्न. मग एम अँड एम. परवा परभणीच्या मित्राला फोनवरूनच हे करायला लावलं. पहिल्याच फेरीत त्याच्या असिस्टंटने पैशासकट भाव सांगितला, वेळ सांगितली नाही. "बघ, चालूलालंय की," तो म्हणाला. मी म्हटलं, टर्मिनल बघ. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.